बुच्चे कान

बदलापूरच्या फ्लॅटमध्ये बारशाला आलेल्या सोनाराने तार काढली, तशी श्रद्धाने लेकीला जवळ ओढलं. "आई, हिचे कान टोचायचे नाहीत."

"आमच्याकडे मुलींचे कान बुच्चे ठेवत नाहीत," सासूबाई म्हणाल्या.

श्रद्धाने केस मागे घेतले. कानाच्या पाळीला बोराएवढी गाठ होती. "टोचलेलं भरून आलं, तरी 'आता पुरे' हा निरोप माझ्या पेशींना पोचलाच नाही. त्या जखम भरणारं कोलॅजन बनवतच राहिल्या. हिच्यातही ते उतरलं असेल."

सासूबाईंनी गळ्यापाशी कायम लावलेली पदराची पिन काढली. खाली जाड, गुलाबी वण होता.

"कांजिण्यांची साधी पुळी होती. मी आजवर सगळ्यांना भाजलं म्हणून सांगत आले." त्या सोनाराकडे वळल्या. "काका, तार आवरा. पोरीला दोन्हीकडून आहे."