मांजर बेटम्याला गेली

मांजरीच्या नखाचा ओरखडा बारीक असतो, धाग्यासारखा. मंगलाच्या मनगटावरचे ओरखडे रुंद होते, पण तिने मांजरीचं नाव घेतलं आणि घरात कुणी नीट पाहिलं नाही.

तिचा नवरा रत्नपाल काळजी घेणारा माणूस. त्याने तिचा हात साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली धरायला लावला, हळद लावू दिली नाही, तिला स्वतः नेऊन रेबीजची इंजेक्शनं पूर्ण केली. तरी नवे ओरखडे उठतच राहिले.

"आता बहुत झालं," तो म्हणाला. "उद्या आईला ओरबाडलं तर? तिला धड सांगताही येणार नाही."

"राहू द्या हो. तिचं काय चुकलं?"

"तू तर मांजरीची वकीलच झालीस."

रविवारी त्याने मांजरीला टोपलीत घातलं आणि बेटम्याला मित्राच्या शेतावर सोडून आला.

बुधवारी सकाळी ती सासूबाईंना अंघोळ घालून बाथरूममधून बाहेर आली. ओल्या हातावर तीन ताजे ओरखडे होते. रत्नपाल सवयीने साबण घ्यायला वळला आणि मध्येच थांबला.

मंगला खुर्चीत बसली.

 

"आई आता मला ओळखत नाहीत, अंगाला हात लावला की घाबरतात. मांजर परत आणा, आणि त्यांच्यासाठी बाई ठेवा. मी एकटी नाही करणार यापुढे."