डबीतली बट

आजीच्या मांडीवर बाळ निपचित होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याच्या आतड्यातून तांबं रक्तात उतरतच नाही. म्हणून झटके, म्हणूनच असे पिळवटलेले केस." पंपाच्या जळक्या मोटारी रिवाइंड करणारा जावई कसनुसं हसला. "दुकानात तांब्याच्या तारेची भेंडोळी पडलीत, मॅडम. अन् माझ्याच पोराला गुंजभर पचू नये?" "आईकडून मुलग्यांना येतो हा आजार. आधी ठाऊक असतं, तर जन्मताच तांब्याची इंजेक्शनं दिली असती. आता उशीर झालाय. माहेरी असं कुणी बाळ गेलं होतं?" "छे, मी एकुलती एक!" लेक म्हणाली. महिनाभर आजीनंच ते केस तेल चोपडून बसवले होते, कुणाला कळू नये म्हणून. तिनं पर्समधून गोळ्यांची डबी काढली, आतली रखरखीत करडी बट बाळाच्या केसांशेजारी धरली. ओळखू येईना, कुठली कुणाची. "आई, कुणाचे गं हे?" "तुझ्या दादाचे."