शिवलेली होडी

तळाशी पुन्हा पाणी होतं. फार नाही. दोन-तीन ओंजळी.

रितेशने हातमोजे घातले, स्पंजने पाणी टिपलं आणि वहीत लिहिलं: गुरुवार. सकाळी सात. उजवीकडे, मधल्या सांध्याजवळ.

करंज्याच्या बांधाला होडी बांधून दोन आठवडे झाले होते. अकरा फुटांची, प्लायवूडची, घरच्या पडवीत केलेली. बांधाच्या पायरीवर त्याची मुलगी केसर उभी होती. गणवेशात, पाठीला दप्तर.

"गळते का, बाबा?"

"थोडीशी. जा तू, व्हॅन येईल."

येत्या रविवारी केसरला नऊ वर्षं पूर्ण होणार होती. त्या दिवशी तो तिला शीड लावून खाडीपलीकडे रेवसला नेणार होता. तसा शब्द दिला होता.

(मागे. जानेवारी. होडी बांधायची रीत ठरत नव्हती तेव्हा.)

एका रीतीत आधी फासळ्यांचा सांगाडा उभा करायचा, मग त्यावर प्लाय ठोकायचा. दुसरीत सांगाडाच नाही. प्लायचे तुकडे कापायचे, कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे. सांधे इपॉक्सीच्या चिकट राळेने भरायचे. सुकलं की तार ओढून काढायची.

"म्हणजे टाके काढायचे," त्याची बायको सुचिता म्हणाली. निम्मे टाके तिनेच घातले.

जन्मभर होड्या बांधलेला म्हातारा अंबाजी बघायला आला आणि हसला. "आरं, शिवायची ती गोधडी. होडीला फासल्या लागतान."

रितेशने शिवलीच. हलकी होते म्हणून. उद्या केसरलाही चालवता यावी म्हणून.

(पुढे.)

शुक्रवार. तीच जागा. तेवढंच पाणी.

कामावर, कंटेनर यार्डात नोंदी करताना त्याला दिसत राहिलं: खाडीच्या मधोमध होडी, बार्जची लाट, सांधा उसवतोय. पाणी केसरच्या घोट्यांशी. गुडघ्यांशी. दोनदा त्याने चुकीचा नंबर लिहिला.

घरी येऊन त्याने माठातलं पाणी घटाघटा प्यायलं. उन्हाळा लागला की सुचिता माठात वाळ्याची जुडी सोडते. नाकात बसलेला इपॉक्सीचा वास तेवढ्यापुरता तरी गेला.

"पुढं ढकलू या का?" तो म्हणाला.

"सगळ्या वर्गाला सांगून बसलीय ती. आणि बघ तरी तिच्याकडं."

केसर लाइफ जॅकेट घालून जेवायला बसली होती. आणलं त्या दिवसापासून घरात ते तिच्या अंगावरच होतं. झोपतानाही.

रितेशला हसू आलं. "एवढी घाई?"

केसरने वरणभाताचा घास घेतला.

"घाई कसली, नुसती धांदरट आहे," सुचिता म्हणाली. "डबा तसाच परत. माठातून भरून दिलेली बाटली शाळेत पोचायच्या आत रिकामी. बाईंचा फोन आला, दुसऱ्यांचं मागून पिते म्हणून. आणि तू, ताटात वही नको."

रितेशचं लक्ष वहीतच होतं. सोमवार, पाणी. मंगळवार, पाणी. मागचा रविवार, कोरडा. का? भरतीच्या तक्त्याशी काहीच जुळत नव्हतं. उधाणाच्या मोठ्या भरतीला तेवढंच, भांगाच्या लहान भरतीलाही तेवढंच.

सांध्यावर त्याने तिसऱ्यांदा इपॉक्सी भरलं होतं.

त्याने ठरवलं. उद्या पाणी दिसलं तर होडी कापायची. पुन्हा पहिल्यापासून, फासळ्यांची.

शनिवार. करवत घेऊन तो बांधावर आला. अंबाजी आधीच येऊन बसला होता. केसर पायरीवर. शनिवारीही शाळा होती, पाठीला दप्तर.

तळाशी पाणी होतं.

रितेश होडीत उतरला. करवतीचे दात त्याने मधल्या सांध्यावर टेकवले.

"थांब जरा," अंबाजी म्हणाला. "चाखलंस का ते पानी?"

"चाखायचं काय त्यात, काका?"

"खाडीचं हाय का दवाचं, ते जिबंला कलतं. कापायची घाई नको करू."

रितेशने करवत खाली ठेवली. हातमोजा काढला. बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट नव्हतं.

त्याच्या छातीवरचा दगड उतरला. दव! नुसतं दव! दोन आठवडे तो दवाला भीत होता. त्याने ओंजळ भरली, तोंडाजवळ नेली, आणि तिथेच थांबला.

पाण्याला वाळ्याचा वास होता.

पायरीवरून केसरने विचारलं, "गळते ना, बाबा?"