झेंडा हरलाच नाही

मतदानात झेंडा हरला. एकोणतीस विरुद्ध एकतीस.

मग वर्लिन हूप यांनी विचारलं, "आता हे इतिवृत्तात लिहायचं कसं? 'देशाचा झेंडा आपल्या चर्चमध्ये दोन मतांनी पडला', असं?"

वर्लिन व्हिएतनाममध्ये लढून आलेले, आता चर्चच्या मंडळीचे चिटणीस. त्यांनी निकालाचा कागद चार घड्या घालून खिशात टाकला. मतदान झालंच नाही, असं एकमताने ठरलं.

चर्चचे धर्मगुरू, पाळक एल्डन विटकोप, पहिल्या बाकावर वेदीकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसले होते. अकरा आठवड्यांच्या भांडणानंतर ते जिंकले होते. साधारण दीड मिनिट.

झालं होतं ते एवढंच. फेब्रुवारीत बर्फ वितळला आणि छत गळलं. विम्याची माणसं येऊन वेदीकडचं भिजलेलं लाकूडसामान दुरुस्तीला घेऊन गेली. वेदीशेजारी काठीला लावलेला झेंडा ओला होऊ नये म्हणून विटकोप यांनी तो उचलून मागे दाराशी, कोट टांगायच्या खुंट्यांजवळ नेऊन ठेवला. छत नीट झालं. झेंडा त्यांनी परत आणला नाही. वेदीपाशी माणसाच्या नजरेस क्रूस तेवढा पडावा, हे त्यांच्या मनात चाळीस वर्षं होतं. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. जाता जाता एवढं तरी करावं.

अमेरिकेत नेब्रास्कातल्या त्या साठ माणसांच्या मंडळीत मग झेंड्यावरून पत्रं सुरू झाली. एका बाकावर बसणारी माणसं पोस्टाने पत्रं धाडू लागली. पहिली सात-आठ वाचून विटकोप यांनी बाकीची न फोडताच एका खोक्यात टाकायला सुरुवात केली. ईस्टरला त्यांनी नेहमीसारखा, मागे न बघताच, हात वेदीमागच्या भिंतीकडे फेकला. "आपण इथे कुणासाठी जमतो? बघा तिकडे!" पण मंडळी माना वळवून दाराकडे बघत होती. तिथे कुणीतरी झेंड्याच्या काठीवर ओला कोट अडकवला होता. त्या आठवड्यात पत्रांसाठी मोठं खोकं घ्यावं लागलं.

"मतदान झालंच नाही म्हणजे झेंडा आहे कुठे?" आता सभेत डोर्था क्लेम यांनी विचारलं. त्यांचं वय चौऱ्याऐंशी. झेंडा त्यांनीच दिलेला. त्यांचा भाऊ लेस्टर कोरियाच्या लढाईतून शवपेटीत परत आला, त्या पेटीवर तो पांघरलेला होता.

"कोटांपाशीच, डोर्थाबाई," वर्लिन म्हणाले.

"म्हणजे माझा लेस्टर छत्र्यांच्या रांगेत."

"बाई, लेस्टरबद्दल कुणी काही बोललेलं नाही," विटकोप म्हणाले.

"पाळकसाहेब, मी नऊ वर्षांची होते. घरी त्याचा तेवढा झेंडाच आला. पेटी मला उघडूनसुद्धा दाखवली नाही कुणी." त्यांनी पर्समधून रुमाल काढला, आणि न वापरता परत ठेवला. "तुम्ही देवाचं बघा. देव मोठा आहे, त्याला जागा पुरते. लेस्टरला द्या की थोडी."

यावर धर्मशास्त्रात उत्तर होतं. विटकोप यांना ते पाठही होतं. पण ते म्हणायला उभं राहावं लागलं असतं.

वर्लिन जवळ येऊन हळूच म्हणाले, "साहेब, बिशपना पाठवायचं तक्रारीचं पत्र तयार आहे. वीस सह्या. तुमचं घर चर्चचं, तुमच्या बाईसाहेबांचे गुडघे तसे. चौदा महिन्यांसाठी कशाला? मधला मार्ग काढू."

"कुठला?"

"उजवीकडेही नको, डावीकडेही नको. काठी काढून टाकू आणि झेंडा भिंतीवरच लावू. तुमच्या पाठीमागे. तुम्हाला दिसणारसुद्धा नाही. तसंही तुम्ही मागे वळून कधी बघता?"

बाकांवर हशा झाला. अकरा आठवड्यांतला पहिला. विटकोपही हसले. हसता हसता आपण किती दमलोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"लावा," ते म्हणाले.

शिडी आली. वर्लिन वर चढले, विटकोप यांनी शिडी धरली आणि मान खाली घालून वर्लिनचे बूट बघत राहिले.

"वा! इथे आधीच जाडजूड खिळा आहे," वर्लिन वरून म्हणाले. "कुणी ठोकला देव जाणे. बैलसुद्धा टांगता येईल."

झेंडा साडेनऊ फुटी, उभा सोडला. तेवढ्यासाठीच जागा राखून ठेवल्यासारखा चपखल बसला. भिंतीवर रंगाचा एक फिका पट्टा होता, तोही झाकला गेला. डोर्थाबाई बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "इथे आधीपासूनच असायला हवा होता." सगळ्यांनी मान डोलावली. कॉफी झाली, लिंबाच्या वड्या संपल्या, बिशपचं पत्र वर्लिन यांनी विटकोप यांच्यासमोर फाडलं.

सगळे गेल्यावर विटकोप ते खोकं घेऊन पहिल्या बाकावर बसले. भांडण मिटलं होतं. आता पत्रं वाचायला हरकत नव्हती. सगळ्यात वरचं पाकीट छापील होतं, शिव्या बहुधा नसाव्यात, म्हणून आधी तेच फोडलं.

"तिसरी व अंतिम सूचना. विमा दाव्यानुसार आपल्याकडून फेब्रुवारीत नेलेला ओक लाकडाचा क्रूस, उंची नऊ फूट, नग एक, दुरुस्त होऊन दहा आठवडे आमच्या गोदामात पडून आहे. आमची माणसं येत्या सोमवारी तो मूळ खिळ्यावर बसवून देतील. तरी वेदीमागची भिंत पूर्ण मोकळी ठेवावी, ही नम्र विनंती."