व्हर्नाची परीक्षा

"तोंड उघडायचं नाही. दोघांनीही," व्हर्नाने बजावलं. "यंत्रालाच बोलता आलं पाहिजे."

अमेरिकेतल्या डुलुथ गावी तिच्या जिममध्ये छातीच्या व्यायामाची दोन नवी यंत्रं शेजारीशेजारी मांडली होती. एक विक्रेत्या ट्रेव्हरच्या कंपनीचं, लालचुटुक, वर चमकता पडदा बसवलेलं. दुसरं ऑरिनने स्वतःच्या हाताने जोडलेलं, करडं आणि दिसायला अगदीच बापुडवाणं. धान्याच्या कोठारांची डागडुजी सोडून ऑरिनने दोन वर्षं त्यात घातली होती. व्हर्नाने ते ठेवून घेतलं तर आसपासचे जिमवालेही ते डोळे झाकून विकत घेणार. नाकारलं तर सोमवारपासून पुन्हा कोठारं.

व्हर्नाची परीक्षा साऱ्या गावाला पाठ होती. सकाळी दहाला ती दार उघडायची आणि फुटपाथवरून जाणाऱ्या पहिल्या माणसाला आत ओढायची. जिमचं तोंड न पाहिलेलं माणूस जे यंत्र न विचारता चालवील, ते चांगलं. पैलवानांचं काय, ते मोडक्या खाटेवरसुद्धा व्यायाम करतात, असं तिचं म्हणणं.

दहाच्या ठोक्याला जाडजूड कोटातल्या एक आजीबाई हाती लागल्या. अर्लीन नाव.

"कधी जिममध्ये पाऊल टाकलंय?" व्हर्नाने विचारलं.

"मी? जेवणाला हॉटडिश भाजते, त्याचं जड भांडं ओव्हनमधून काढते, तेवढी कसरत पुरे होते मला."

कोट काढून त्या लाल यंत्रावर बसल्या. पाय लोंबकळायला लागले. बैठक खाली घ्यायचा दांडा पाठीमागे, म्हणून उठल्या, वाकल्या, पुन्हा बसल्या. मग वजन लावायची पिन कुठे आहे ते सापडेना. ट्रेव्हर भुवयांनी खुणा करू लागला, तेव्हा व्हर्नाने त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. शेवटी बाईंनी मुठी कशाबशा धरून रेटा दिला, तर पहिल्याच हिसक्याला खांदे कानाला भिडले.

"माणसासाठी बनवलंय की जिराफासाठी?" त्या करवादल्या.

मग करडं यंत्र.

बाई बसल्या आणि हात आपसूक बैठकीच्या दांड्यावर गेला. पिन गुडघ्याशीच होती, पिवळ्या गोंड्याची. मुठी त्यांच्या लहानशा पंजात मावल्या. त्यांनी रेटलं, आणि वजन आवाज न करता वर गेलं.

"अगंबाई!" त्या हसल्या. पुन्हा रेटलं. पंधरा वेळा झालं तरी थांबायचं नाव नाही. "हे तर माझंच माप घेऊन शिवल्यासारखं आहे!"

व्हर्ना गुडघ्यावर बसून निरखत होती. यंत्राचा सांधा बाईंच्या खांद्याच्या बरोब्बर रेषेत होता.

"वा रे पठ्ठ्या! हे राहतंय इथेच. आणि अजून तीन बनव."

आनंदाच्या भरात ऑरिनने आजींना यंत्रावरून अलगद उचलून गरकन फिरवलं. त्या खिदळत त्याच्या पाठीत धपाटे घालू लागल्या.

व्हर्नाचे डोळे बारीक झाले. "ए ऑरिन, ही तुझी मावशीबिवशी तर नाही ना?"

"आईशप्पथ, आज पहिल्यांदा बघतोय!"

"खरंय त्याचं," अर्लीनबाई दम खात म्हणाल्या. "माझा नि या पोराचा काडीचा संबंध नाही."

व्हर्नाने त्यांना कोट घालायला मदत केली. ट्रेव्हर अजून भिंतीकडेच तोंड करून उभा होता. अर्लीनबाईंनी जाऊन त्याची बाही ओढली.

"चला जावईबापू, गाडी काढा. आठवडाभर तुमच्या गॅरेजात त्याच लाल धुडावर सराव केला, तरी ती मेली पिन सापडली नाही, त्याला मी काय करू?"