सगळ्यात लहान दिवस

आमच्या घरात देव नव्हते, पण आमची ही वर्षातला सगळ्यात लहान दिवस दरवर्षी साजरा करायची. सूर्य बुडाला की दिवे बंद करायचे, एक मेणबत्ती लावायची, गरम सूप प्यायचं आणि उद्यापासून उजेड वाढणार म्हणून एकमेकांचं अभिनंदन करायचं. मी हिला चिडवायचो, "त्यात आपलं काय गं कर्तृत्व?"

ही मार्चमध्ये गेली. यंदा मुलगी संध्याकाळी ऑफिसातून सरळ माझ्याकडे आली. तिनेच सूप केलं, मेणबत्ती लावली.

"बाबा, मीठ जास्त झालंय का हो?"

"तुझ्या आईच्याही हातून व्हायचं."

ती हसली, मग डोळे पुसून तिने माझा हात धरला. "आता आईसारखं म्हणते हं. अभिनंदन, बाबा. उद्यापासून दिवस मोठा होत जाणार."

मी मान डोलावली आणि सूप संपवलं.



आजचा हा एवढासा दिवस ढकलायला मी सकाळपासून हिचं कपाट तीनदा आवरलं होतं.