तांबडीची राखण

कोल्ह्याने परसातली एक कोंबडी नेली, तेव्हा मी खुराड्यासाठी लोखंडी कडी आणली. वाडीचे मानकरी गावकर हसले. "मास्तरानू, कडयेन काय होतला? राखणदार देवाक कोंबडो दिया."

कोंबडा दिला. कडी पिशवीतच राहिली. सगळ्या वाडीने रस्सा ओरपला आणि कोल्ह्याने दुसरी कोंबडी नेली.

"एका कोंबड्यान राखणदाराचा भागला नाय," गावकर म्हणाले.

आता फक्त बायकोची लाडकी तांबडी उरली होती. बायको माझ्याकडे बघत राहिली. मी कडीबद्दल बोलणारच होतो. पण देवापुढे गाऱ्हाणं सुरू झालं, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले, आणि मीही म्हणालो.

काल संध्याकाळी कोल्हा आला, रिकाम्या खुराड्यात डोकावला आणि निघून गेला.

गावकरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघलात? एक तरी कोंबडी नेल्यान?"